दाराच्या चौकटीत पाय मोजा: ना घड्याळ, ना वर्तुळ

लंबक टांगायचा, वीस दोलनांचा वेळ मोजायचा, लांबी मोजायची आणि सूत्रातून पायची (π, म्हणजे वर्तुळाचा परीघ ÷ व्यास, सुमारे ३.१४१६) किंमत काढायची, हा प्रयोग सोपा आहे आणि उत्तरही बरं येतं. पण त्यात एक मेख आहे. सूत्र असं: पाय = (आवर्तकाल ÷ २) × √(ग ÷ ल). इथे आवर्तकाल म्हणजे एका पूर्ण दोलनाचा वेळ, ल म्हणजे लंबकाची लांबी आणि ग म्हणजे गुरुत्वत्वरण. हा ग कुठून आणायचा? बहुतेक जण पुस्तकातला ९.८१ घालतात. तो आपल्याकडचा नाही. मुंबईत ग सुमारे ९.७८६ आहे, पुण्यात ९.७८४ च्या आसपास. पुण्यात बसून ९.८१ घातलात, तर बाकी सगळं अगदी बिनचूक मोजूनही पाय ३.१४६ येणार.

मग ग स्वतः मोजू म्हणावं, तर शाळेच्या प्रयोगशाळेत तो मोजतात लंबकानंच, आणि त्या सूत्रात ३.१४१६ आधीच बसलेला असतो. म्हणजे पाय मागच्या दारानं आत आला आणि पुढच्या दारानं बाहेर काढून आपण त्याचं स्वागत केलं.

पाय मोजण्याचा कुठलाही प्रयोग हातात घेतला की आधी हे मागचं दार तपासावं. खाली दिलेल्या प्रयोगात ते बंद आहे. ग लागत नाही, घड्याळ लागत नाही, वर्तुळही काढावं लागत नाही. फक्त दोन लांब्या मोजायच्या, त्याही एकाच टेपनं.

तत्त्व

लंबक बाजूला ओढून सोडला की मधल्या जागी पोचायला त्याला पाव आवर्तकाल लागतो, म्हणजे (पाय ÷ २) × √(ल ÷ ग). त्याच क्षणी एक छर्रा उ एवढ्या उंचीवरून सोडला तर जमिनीवर पोचायला √(२ × उ ÷ ग) लागतात. उंची कमीजास्त करून दोघं एकाच क्षणी पोचतील असं केलं, की दोन्ही वेळा सारख्या, आणि ग दोन्हीकडून उडतो. उरतं ते एवढंच:

पाय = √(८ × उ ÷ ल)

लंबकाची लांबी ८० सेंमी असेल तर उंची ९८.७ सेंमीच्या आसपास यायला हवी. केवळ गुणोत्तर लागत असल्यामुळे टेप खोटा असला तरी बिघडत नाही. दोन्ही मापं त्याच टेपनं घेतली म्हणजे झालं. इंचांत मोजा, नाहीतर विणकामाच्या दोऱ्याला गाठी मारून मोजा.

यात वर्तुळ कुठं आहे, असं कोणी विचारेल. लहान दोलनं घेणारा लंबक म्हणजे एकसारख्या वेगानं वर्तुळात फिरणाऱ्या बिंदूची भिंतीवर पडलेली सावली. पाव आवर्तन म्हणजे त्या बिंदूचं पाव वर्तुळ. पाय तिथून येतो.

प्रयोग जुना आहे. १७व्या शतकात फ्रान्समध्ये मारँ मर्सेननं लंबक भिंतीवर आणि गोळा जमिनीवर असे दोन आवाज एकत्र आणून पाहिले होते. १६५९ मध्ये हॉलंडच्या क्रिस्तियान ह्यूजेन्सनंही तो करून पाहिला. त्यांना पडणाऱ्या वस्तूचा हिशेब हवा होता. आपण तोच प्रयोग उलटा वाचतो. त्यांची अडचण एकच होती: दोन आवाज एकत्र आले की नाही हे कानानं ठरवणं. ती अडचण आता खिशातल्या फोननं सुटते.

सामान

गवंड्याचा ओळंबा, पोलादी, १५० ग्रॅमच्या आसपासचा, चहूबाजूंनी सारखा गोल. बेअरिंगच्या दुकानातला पाऊण इंची, म्हणजे १९ मिमी व्यासाचा पोलादी छर्रा. त्याचं वजन २८ ग्रॅम भरतं. सुती दोरा (नायलॉन नको, तो ताणतो आणि जळताना वितळून लोंबतो). आगपेटीएवढा लाकडी ठोकळा आणि दोन स्क्रू. सहा इंची सी-क्लॅम्प. विणकामाची पोलादी सुई. ओट्याच्या कामातून उरलेला कडप्प्याचा तुकडा आणि खाली घालायला गोणपाट. एक नाणं, दोन-चार जुनी व्हिजिटिंग कार्डं, चिकटपट्टी, स्टीलचा मापटेप, काडेपेटी. फोन, आणि रेकॉर्डिंगची लहर मोठी करून दाखवणारा ऑडॅसिटीसारखा मोफत प्रोग्राम असलेला संगणक.

जुळणी

साधारण सात फुटी दाराची चौकट घ्या. लाकडी ठोकळ्याच्या कडेला करवतीनं बारीक खाच पाडा आणि ठोकळा चौकटीच्या वरच्या आडव्याखाली, एका उभ्याजवळ, दोन स्क्रूंनी पक्का करा. ओळंब्याचा दोरा खाचेतून वर घेऊन स्क्रूभोवती गुंडाळा. दोरा थेट खिळ्याला बांधण्याचा मोह टाळा: झुलताना तो खिळ्याभोवती गुंडाळतो-सुटतो आणि लांबी बदलत राहते. खाचेत आवळलेल्या दोऱ्याचा टेकू मात्र ठोकळ्याच्या खालच्या कडेला पक्का राहतो.

ओळंब्याचा गुरुत्वमध्य पट्टीच्या कडेवर तो आडवा तोलून शोधा आणि तिथे पेननं रेघ मारा. टेकूपासून या रेघेपर्यंतची लांबी ८० सेंमी करा. सुती दोरा पहिल्या काही तासांत ताणतो, म्हणून ओळंबा रात्रभर टांगून ठेवा आणि लांबी सकाळी, वजन लटकत असतानाच मोजा. पावसाळ्यात सुती दोरा दमट हवेनं लांबी बदलतो. तेव्हा प्रयोगाच्या आधी आणि नंतर अशी दोनदा मोजा.

आता सगळ्यात नाजूक काम. ओळंबा शांत लटकत असताना त्याचं पोट चौकटीच्या जवळच्या उभ्यापासून तीन-चार मिलिमीटरवर यायला हवं. त्या उंचीवर उभ्याला नाणं चिकटवा आणि नाण्याखाली कार्डांचे तुकडे एकेक करून सारत जा, ओळंबा नाण्याला जेमतेम टेकेपर्यंत. तपासायची रीत: साध्या कागदाची पट्टी ओळंबा आणि नाण्याच्या मधून वरून सोडा. ती अगदी किंचित अडत सरकली पाहिजे. सुळकन खाली पडली तर फट आहे. ओळंब्याला ढकलून गेली तर दाब आहे.

समोरच्या उभ्यावर, ओळंब्याच्याच उंचीला, सी-क्लॅम्प पुढून-मागून असा आवळा की त्याची पाठ दाराच्या आतल्या बाजूला आडवी येईल. त्या पाठीवर विणकामाची सुई चिकटपट्टीनं बांधा. दोऱ्याला सरकायला ही गुळगुळीत खुंटी झाली. ओळंब्याच्या पोटाला, रेघेच्याच उंचीवर, दुसरा दोरा बांधा; तो आडवा खुंटीपर्यंत न्या, खुंटीवरून खाली सोडा आणि टोकाला चिकटपट्टीच्या छोट्या तुकड्यानं छर्रा लटकवा. छर्ऱ्याच्या वजनानं ओळंबा आपोआप बाजूला ओढला जातो, १५ सेंमीच्या आसपास. किती ते दोन्ही वजनांच्या गुणोत्तरावर ठरतं, शिवाय खुंटीवरच्या घर्षणामुळे थोडं इकडंतिकडं होतं. खुंटीखाली जमिनीवर गोणपाट, त्यावर कडप्पा. हाच एक दोरा जाळला की दोघं एकाच क्षणी सुटतात. वेगळी यंत्रणा लागत नाही.

प्रत्यक्ष प्रयोग

१. पंखा बंद करा. एक कारण वारा, दुसरं त्याचा आवाज.

२. फोन स्टुलावर असा ठेवा की नाणं आणि कडप्पा दोन्हीपासून त्याचं अंतर सारखं येईल. टेपनं मोजाच. आवाजाला एक मीटर यायला जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात. फोन कडप्प्याशेजारी ठेवलात तर वरचा आवाज उशिरा पोचतो आणि उंचीत दीड सेंमीची चूक बसते. रेकॉर्डिंग ॲपमध्ये आवाज 'स्वच्छ' करण्याची सोय चालू असेल तर बंद करा; ती नेमके असे छोटे आवाज गोंगाट समजून पुसते.

३. छर्ऱ्याच्या तळापासून कडप्प्याच्या पृष्ठभागापर्यंतची उंची ९३ सेंमी करा. ओळंबा मधल्या जागेपासून आडवा किती सरकला आहे तेही मोजून लिहा. दोन्ही पूर्ण स्थिर होऊ द्या.

४. रेकॉर्डिंग चालू करून आडव्या दोऱ्याला, खुंटीपासून दहा-बारा सेंमीवर, काडीनं पेटवा. कात्री नको, ती कापायच्या आधी दोरा ओढते. चौकट लाकडी आहे, पडदा आधी काढून ठेवा आणि शेजारी पाण्याचं भांडं असू द्या. मुलं करणार असतील तर काडी मोठ्यांच्या हातात.

५. असे पाच पाडाव (छर्रा पाडण्याच्या खेपा) करा. मग उंची ९६, ९९, १०२ आणि १०५ सेंमी करून प्रत्येकी पाच. दर वेळी नवा दोरा लागतो, त्यामुळे आधीच पंचवीस तुकडे कापून ठेवलेले बरे.

६. रेकॉर्डिंग संगणकावर उघडून दोन 'टक'मधलं अंतर वाचा. नेहमीच्या रेकॉर्डिंगमध्ये सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, म्हणजे एका मिलिसेकंदात ४४. लहर जिथे उसळायला सुरुवात होते ती जागा धरायची, सर्वांत उंच टोक नव्हे. पोलाद-नाणं आणि पोलाद-दगड यांचे आवाज वेगळे दिसतात, त्यामुळे कोणता कुणाचा हे दोन-तीन वेळा पाहिलं की ओळखू येतं.

स्टीलची थाळी उपडी घालून तिच्यावर छर्रा पाडावा असं वाटेल, कारण आवाज खणखणीत येतो. तोच त्रास आहे. थाळी घुमत राहते आणि छर्रा आधी पडला असेल तर ओळंब्याचा आवाज तिच्या नादात बुडतो.

आता आलेख काढा: आडव्या अक्षावर उंची, उभ्यावर दोन आवाजांमधलं अंतर (छर्रा आधी आला तर उणे, नंतर आला तर अधिक). बिंदू जवळपास सरळ रेषेत येतात आणि ती रेषा शून्याला जिथे छेदते ती आपली उंची. एकाच उंचीवर 'अगदी बरोबर जुळलं' म्हणत थांबण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं, कारण जुळलं असं वाटणं हा कानाचा आणि इच्छेचा मामला असतो. रेषेचा उतारही पाहा: दर सेंमीला सुमारे २.३ मिलिसेकंद यायला हवा. तो फारच वेगळा आला तर लहर वाचताना गडबड झाली आहे.

दुरुस्ती आणि हिशेब

वरचं सूत्र अगदी लहान झोक्यासाठी आहे. पाठ्यपुस्तकं कोन लहान ठेवा म्हणून बजावतात. इथे तो सल्ला मोडायचा. झोका लहान असला की ओळंबा मधून जाताना संथ असतो, आणि नाण्याशी एक मिलिमीटरची फट राहिली तर उशीर मोठा होतो. मोठ्या झोक्याची चूक मात्र हिशेबानं काढून टाकता येते. ओळंबा आडवा जेवढा सरकला त्याला दोरीच्या लांबीनं भागा, वर्ग करा, १६ नं भागा, एक मिळवा. आलेलं उत्तर या संख्येनं भागायचं.

समजा रेषा ९९.१ सेंमीवर शून्याला छेदते, लांबी ८० आणि सरकणं १४.७ सेंमी. ८ × ९९.१ ÷ ८० = ९.९१, वर्गमूळ ३.१४८०. दुरुस्ती: १४.७ ÷ ८० = ०.१८४, वर्ग ०.०३३८, १६ नं भागून ०.००२१. तेव्हा ३.१४८० ÷ १.००२१ = ३.१४१४.

कोन अंशांत मोजून रेडियनमध्ये (कोनाच्या दुसऱ्या एककात) बदलू नका. त्या रूपांतरात ३.१४१६ लपलेला आहे. मागचं दार पुन्हा उघडेल. म्हणूनच दुरुस्ती लांब्यांच्या गुणोत्तरात दिली आहे.

उत्तर चुकतं ते कुठे

बहुतेक वेळा नाण्यापाशी. एक मिलिमीटरच्या फटीनं ओळंबा जवळपास २ मिलिसेकंद उशिरा पोचतो, तेवढ्यानं उंची साडेआठ मिमी जास्त लागते आणि पाय ०.०१३ नं फुगतो. उलट, नाणं पुढे आलं असेल तर पाय कमी येतो. ३.१५५ किंवा ३.१२८ अशी उत्तरं सातत्यानं आली तर दुसरं काही तपासायच्या आधी कागदाची पट्टी पुन्हा सोडून पाहा. तीन-चार पाडावांनंतर ठोकर खाऊन नाणं हलतं, म्हणून उंची बदलताना दर वेळी तपासणं योग्य.

आकडे एकसारखे चुकत नाहीत, नुसतेच विखुरतात, अशी तक्रार असेल तर बघा: दोरा पेटवताना ओळंबा डुलत होता का, दोरा पोटाला रेघेच्या वर किंवा खाली बांधला गेलाय का (सुटल्यावर ओळंबा डोकं हलवत जातो), छर्ऱ्यावर चिकटपट्टीचा मोठा तुकडा आहे का आणि तो पट्टीवर पडून 'टक'ऐवजी 'ठप' करतो का.

हवेच्या विरोधाची फार काळजी नको. पोलादी छर्ऱ्यासाठी तो उंचीत जेमतेम एक मिलिमीटर भरतो. त्याच आकाराच्या काचेच्या गोटीला तिप्पट. टेबल टेनिसचा चेंडू मात्र वापरू नका.

लांबीत एक मिमी, उंचीत दोन मिमी आणि नाण्यापाशी पाव मिमी एवढी चूक धरली तर पाय साधारण ०.००५ च्या आत मिळतो. दोन दशांश स्थळं हक्काची. तिसरं बरोबर आलं तर तो योगायोग समजावा.

इतर काही वाटा, थोडक्यात

*वजन करून.* जाड कार्डशीटचा १८ सेंमी बाजूचा चौकोन कापा, वजन करा, मग त्यातूनच ९ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ कापून त्याचं वजन घ्या. वर्तुळ ÷ चौकोन × ४ म्हणजे पाय. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला काटा पुरतो. ३०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम) कागदाचा चौकोन ९.७ ग्रॅमच्या आसपास आणि वर्तुळ ७.६ भरतं. काट्यापेक्षा हात जास्त चुकतो: कापताना त्रिज्या सगळीकडे ०.२ मिमी जास्त राहिली तर पाय ०.०१४ नं वाढतो. दमट हवेत कागद पाणी ओढतो, म्हणून दोन्ही वजनं काही मिनिटांच्या अंतरानंच घ्या.

*काड्या टाकून.* कोंत द ब्युफाँनं १७७७ मध्ये मांडलेला प्रयोग. काडीच्या लांबीएवढ्याच अंतरावर समांतर रेघा आखायच्या, काड्या टाकायच्या. २ × एकूण काड्या ÷ रेघेला छेदणाऱ्या काड्या म्हणजे पाय. धीर मात्र फार हवा: हजार काड्यांनंतरही उत्तर ०.०७-०.०८ नं इकडेतिकडे हलतं, दहा हजारांनंतर ०.०२ नं. चौकटीतले पंचवीस पाडाव याच्या कितीतरी पुढे जातात. इटलीच्या मारिओ लाझारिनीनं १९०१ मध्ये ३४०८ फेकींत १८०८ छेद दाखवून पाय सहा दशांश स्थळांपर्यंत बरोबर काढला. त्याच्या काडीचं आणि रेघांमधल्या अंतराचं गुणोत्तर ५:६ होतं, आणि आकडे मांडले की नेमका ३५५/११३ हा पायच्या अगदी जवळचा, आधीपासून ठाऊक असलेला अपूर्णांक बाहेर पडतो. ३४०८ हीच संख्या का निवडली आणि तिथेच का थांबला, याचं उत्तर त्या अपूर्णांकातच आहे. आपण किती काड्या टाकणार हे आधी वहीत लिहून ठेवावं, ते याचसाठी.

*टकरी मोजून.* २००३ मध्ये ग्रेगरी गॅल्पेरिननं दाखवलं की स्थिर ठोकळ्यावर भिंतीच्या दिशेनं दुसरा ठोकळा सोडला आणि घर्षण वा ऊर्जेची गळती मुळीच नसेल, तर भिंतीसकट सगळ्या टकरींची संख्या पायचे अंक देते: वजनं सारखी असतील तर ३, सोडलेला ठोकळा स्थिर ठोकळ्याच्या शंभरपट जड असेल तर ३१, दहा हजारपट असेल तर ३१४. पहिला अंक कॅरम बोर्डवर मिळतो. भरपूर पावडर टाका, एक सोंगटी कडेपासून चार बोटांवर ठेवा आणि दुसरी सोंगटी तिच्यावर सरळ मारा. सोंगटीवर सोंगटी, कडेवर सोंगटी, परत सोंगटीवर सोंगटी. ३१ साठी शंभरपट जड ठोकळा लागेल. तो मिळवणं अवघड नाही, पण प्रत्येक टकरीत थोडी ऊर्जा आवाजात आणि घर्षणात जाते, आणि हलकी सोंगटी एकतिसाव्या टकरीच्या बरीच आधी पावडरीत थांबलेली असते.